आईच्या रोजमेळातलं १९७३ साल



दशलक्षण पर्वात शास्त्रवाचन संपल्यावर आमच्या मंडळातल्या एका नव्या सुनेनं मला गाठलं. म्हणाली, "काकू, तुम्ही सारखं आईचं नाव काढता. त्यांच्या काटकसरीच्या युक्त्या एकदा लिहून काढा की. आमच्याकडं दोघांचा पगार येतो आणि वीस तारखेला संपतो." मी हो म्हटलं. मला वाटलं, दहा-बारा युक्त्या आहेत, अर्ध्या तासाचं काम.

पण लिहायला बसले आणि वाटलं, आठवणीवर कशाला विसंबायचं? आईच्या वह्या आहेत की. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली आणि पुढचे तीन आठवडे त्यातच गेले. मी कॉमर्सवाली. हिशेबाची वही हातात आली की मला शेवटची शिल्लक जुळते का ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही. आईच्या वह्या जुळतात. एकतीस वर्षांच्या वह्या, आणि चूक सापडली ती फक्त दोन ठिकाणी. ती पण पाच-दहा पैशांची.

आईचं शिक्षण सातवीपर्यंत. लग्न १९५६ सालचं. अण्णा सांगलीत हळद-गुळाच्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. दुकानाचा रोजमेळ अण्णा लिहायचे, घरचा आई लिहायची. लाल कापडी बांधणीची वही, डावीकडं जमा, उजवीकडं नावे. नवी वही दिवाळीला, महावीर स्वामींच्या निर्वाणाचा लाडू चढवून घरी आलं की सुरू व्हायची. पहिल्या पानावर 'ॐ नमः सिद्धेभ्यः', खाली वीर संवत्, आणि पहिली रक्कम कायम देवळाची. भांडारात सव्वा रुपया. पुढं पगार वाढला तेव्हा पाच झाले. दान आधी, किराणा नंतर. "उरलं तर देऊ म्हटलं की कधी उरत नाही," हे तिचं म्हणणं. उरत नाही हे खरंच आहे, मी स्वतः करून बघितलंय.

सगळ्यात जुनी वही १९५८ ची. तेव्हा नवे पैसे येऊन वर्षच झालं होतं. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे चौसष्ट पैसे जाऊन शंभर नवे पैसे झाले. आपल्या आयांची पिढी पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी घोकून मोठी झालेली. सोळा आण्यांचा हिशेब त्यांना झोपेत यायचा. आता एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे, आणि पाव पैशाचं नाणंच नाही! म्हणून सरकारनं कोष्टक काढलं. एका आण्याचे सहा पैसे, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, चार आण्यांचे पंचवीस. आईनं हे कोष्टक वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर उतरवून ठेवलंय. आणि त्याखाली बारीक अक्षरात लिहिलंय, "कोथिंबीर एक एक आणा तीनदा घेणे."

मला आधी समजलंच नाही. मग आकडे मांडले आणि एकटीच हसत बसले. तीन आण्यांची कोथिंबीर एकदम घेतली तर एकोणीस पैसे. एकेक आण्याची तीनदा घेतली तर सहा त्रिक अठरा. एक पैसा वाचला! चार आण्यांचं सामान चार वेळा घेतलं तर पंचवीसऐवजी चोवीस. अठरा-एकोणीस वर्षांची पोरगी, नुकतं लग्न होऊन सासरी आलेली, आणि तिनं सरकारी कोष्टकातली फट शोधून काढली. मला बी.कॉम.ला असला अभ्यास कुणी शिकवला नाही. पुढं शेर-पायली जाऊन किलो आला तेव्हाही असंच. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे नऊशे तेहेतीस ग्रॅम. शेराचाच भाव लावून किलो मिळाला तर फायदा आणि किलोच्या भावात शेर दिला तर तोटा, हे तिनं वहीत टिपून ठेवलंय.

आता युक्त्यांकडं येते, नाहीतर ती सून मला विचारील.

पहिली आणि सगळ्यात मोठी युक्ती म्हणजे वर्षाचं धान्य. शाळूची सुगी संपली की फाल्गुन-चैत्रात भाव उतरतो, तेव्हा वर्षाची ज्वारी भरायची. त्यानंतर गहू, डाळी, मिरची, चिंच. वैशाखाच्या कडक उन्हात सगळं वाळवायचं आणि कणगीत, डब्यांत भरायचं. गव्हाला, डाळीला एरंडेलाचा हात. ज्वारीत कडुलिंबाचा पाला. मुगाला चुलीची चाळलेली राख. आपल्याकडं औषधाच्या गोळ्या चालत नाहीत, त्यामुळं कीड होऊच नये याची आधी काळजी. आई म्हणायची, ऊन दाखवायचं ते कीड लागण्याआधी. किडलेलं धान्य उन्हात टाकलं की त्या जीवांची हत्या आपल्या माथी. धर्माचा नियम आणि साठवणुकीचा नियम इथं एकच होता. हरिपूरला पेवांत हळद वर्षानुवर्षं राहायची, ती अण्णांनी आम्हाला एकदा नेऊन दाखवली होती. आईनं पेवाच्या तोंडाशी वाकून बघितलं आणि म्हणाली, "एवढी जागा असती तर मी पण पाच वर्षांची ज्वारी भरली असती."

पिठाचं मात्र उलट. पिठाला मर्यादा. थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. म्हणून दळण थोडं थोडं. पावसाळ्यात दर तिसऱ्या दिवशी डोक्यावर डबा घेऊन गिरणीला जायचं काम माझं. तेव्हा राग यायचा.

दुसरी युक्ती जळणाची. सूर्यास्ताआधी जेवण, त्यामुळं रात्री चूल नाही आणि दिवाही लवकर मालवायचा. भुश्शाची शेगडी एकदा ठासून भरली की सकाळचा सगळा स्वयंपाक व्हायचा. लाकडाच्या वखारीतून पोत्यानं भुस्सा यायचा. आई तो आधी चाळून घ्यायची, आत किडा-मुंगी नको म्हणून. वातीचा स्टो होता, पण तो चहापुरता. भांडं उतरवायच्या आधी वात खाली. भांडं उतरवून मग वात खाली केली की बोलणी बसायची. पाठशाळेत पंडितजींनी अनर्थदंड शिकवताना 'प्रमादचर्या' हा शब्द सांगितला, म्हणजे कारण नसताना माती, पाणी, अग्नी, वारा, झाडपाला वापरणं. तो ऐकून मी घरी येऊन म्हटलं होतं, "आई, तुझा स्टो समंतभद्राचार्यांनी सांगितलाय." रत्नकरंडक श्रावकाचारात हे सगळं आहेच. भोग आणि उपभोग असे दोन भाग त्यात केलेत. एकदा वापरून संपतं ते भोग, अन्न-फुलांसारखं. पुन्हा पुन्हा वापरता येतं ते उपभोग, कपड्यांसारखं, दागिन्यांसारखं. दोन्हीला माप घालायचं. नियम काही काळापुरता, यम जन्मभराचा. कॉलेजात आम्हाला महसुली खर्च आणि भांडवली खर्च शिकवले तेव्हा मला ही गोष्ट ओळखीची वाटली होती.

आईच्या वहीतही असंच आहे. लुगडं, भांडं, सतरंजी असल्या खर्चाला ती शेजारी एक आडवी रेघ मारायची. वर्षाअखेर रेघा मोजायच्या. पाचाच्या वर गेल्या तर पुढच्या वर्षी चार. लुगडं विरलं की त्याचं पोलकं, पोलक्याचं दुपटं, दुपट्याची वाकळ, वाकळेतून निघाल्या चिंध्यांचं पायपुसणं. पाणी गाळायचं फडकं तेवढं नव्या कापडाचं, दुहेरी. तिथं काटकसर नाही.

तिसरी युक्ती तुम्हाला माहीत आहे, सगळ्या जणींच्या घरात होती. तूरडाळीच्या डब्याच्या तळाशी कापडात गुंडाळलेले पैसे. रोजमेळात त्यांची नोंद नाही! एवढी पै-पैचा हिशेब लिहिणारी बाई, पण हे पैसे तिच्या वहीत कुठंही जमेला नाहीत. मी शोधून शोधून दमले. शेवटी लक्षात आलं की 'किरकोळ' या सदरात दर महिन्याला दीड-दोन रुपये जातात आणि किरकोळ म्हणजे काय ते कधी लिहिलेलं नाही. हिशेब तपासनीसाच्या भाषेत याला चांगला शब्द नाही.

ही चाल जुनी आहे. आगऱ्याचे आपले पंडित बनारसीदास यांनी १६४१ साली स्वतःचं चरित्र लिहिलं, 'अर्धकथानक'. व्यापारात बुडालेला, कचोरीवाल्याकडं महिनोनमहिने उधारीवर खाणारा हा तरुण सासुरवाडीला जातो. रात्री बायको त्याची अवस्था ओळखते आणि स्वतःजवळ साठवलेले वीस रुपये त्याच्या हातावर ठेवते. मग आपल्या आईला विश्वासात घेते आणि ती आणखी दोनशे देते. चारशे वर्षांपूर्वीच्या जैन व्यापाऱ्याच्या घरातली ही गोष्ट आहे. त्या वीस रुपयांची नोंद नवऱ्यानं पुस्तकात केली म्हणून आपल्याला कळली. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या तेव्हा किती घरांतले असे डबे उघडे पडले, आठवतंय ना? आमच्या आईच्या डब्यातून पाचशेच्या अकरा नोटा निघाल्या. ती तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची. माझ्याकडं बघेचना. मी रांगेत उभी राहून बदलून आणल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा डाळीत.

इथपर्यंत सगळं लिहून झालं होतं. छान गोड लेख झाला असता. पण वह्या चाळताना एक गोष्ट डोळ्यांना खुपत होती.

वहीच्या समासात, तारखेच्या शेजारी, काही दिवशी एक बारीक 'ए' लिहिलाय. क्वचित 'उ'. 'उ' म्हणजे उपवास आणि 'ए' म्हणजे एकासन, दिवसातून एकदाच जेवण. हे मला लहानपणापासून माहीत. अष्टमी, चतुर्दशी, म्हणजे महिन्यातून चार. पर्वाच्या दिवसांत जास्त. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी संध्याकाळचं जेवण सोडायला सांगितलं, त्या वेळी सोमवारीही एक खूण आहे, तिला वेगळं चिन्ह आहे, गोल. आज्जी तेव्हा म्हणायची, "आपण रोजच दिवस मावळायच्या आत जेवतो, सरकारला आपल्याकडून आणि काय पाहिजे?" पण आईनं तो सोमवारही धरला. अष्टमी-चतुर्दशी धर्मासाठी, सोमवार देशासाठी.

वीर संवत् २४९९ ची वही, म्हणजे दिवाळी १९७२ ते दिवाळी १९७३. या वहीत 'ए' फार आहेत. मी सवयीनं तक्ता केला. नोव्हेंबरात चार, डिसेंबरात पाच. जानेवारीत नऊ, फेब्रुवारीत अकरा, मार्चमध्ये बारा, एप्रिलमध्ये तेरा. पुन्हा एकदा मोजले, तेवढेच आले. मग तारखा बघितल्या. अष्टमी-चतुर्दशीच्या चार खुणा सोडल्या तर बाकीच्या जवळजवळ सगळ्या वीस तारखेनंतरच्या.

अण्णांचा पगार एक तारखेला व्हायचा.

१९७२ चा दुष्काळ तुमच्यातल्या माझ्या वयाच्या बायकांना आठवत असेल. पाऊस आधीपासूनच कमी होत आला होता, त्या वर्षी पुरताच गेला. आमच्या जिल्ह्यात जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, खानापूर या भागाची दैना झाली. खडी फोडायची कामं निघाली, माणसं शेकड्यांनी रस्त्यावर. रोजगार हमीची सुरुवात त्याच काळातली. कामावर सुकडी वाटायचे. शाळू आलाच नाही, त्यामुळं फाल्गुनात भाव उतरायचा प्रश्नच नव्हता. आईची पहिली आणि सगळ्यात मोठी युक्ती त्या वर्षी मोडून पडली. वर्षाची ज्वारी भरायची ती सुगीचा भाव असेल तर, आणि एकरकमी पैसे हातात असतील तर. हे दोन्ही नसेल तर आठवड्याचं धान्य आठवड्याला घ्यायचं, चढ्या भावानं. गरिबाला सगळं महाग पडतं ते यामुळं. काटकसरीच्या युक्त्या सांगताना आपण बायका हे कधी सांगत नाही.

मार्चपासून वहीत 'मिलो' दिसायला लागतो. कंट्रोलच्या दुकानात मिळणारी अमेरिकेची तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची, तव्यावर तुटायची. आई उकळत्या पाण्यात पीठ भिजवून कशीबशी जमवायची. मी बारा वर्षांची होते. ताट सरकवून मी म्हटलं होतं, "ही गुरांची भाकरी मी खाणार नाही." आई काही बोलली नव्हती. तिनं माझ्या पानात तिच्याजवळच्या गव्हाच्या चपातीचा अर्धा भाग ठेवला होता. तो मी खाल्ला. त्या दिवशी तिचं एकासन होतं का, म्हणून मी वहीत शोधलं. तारीख आठवत नाही, त्यामुळं सापडलं नाही.

डिसेंबरच्या पानावर एक ओळ आहे. "चि. दोघे आले. सतरंजी १." अण्णांच्या चुलत भावाची दोन मुलं, जत भागातली. विहीर आटली, जनावरं छावणीत गेली, शाळा कसली? अण्णांनी त्यांना शिकायला आमच्याकडं आणलं. एक माझ्या वयाचा, एक चौदाचा. आज्जी, अण्णा, आई, आम्ही तिघं भावंडं अशी सहा माणसं होतो, ती आठ झाली. पगार दोनशे दहा. मला त्या दोघांबरोबर खेळलेले चिंचोके आठवतात. कुणाच्या पानात काय वाढलं होतं ते आठवत नाही. मुलांना आठवत नसतंच.

आमच्या दक्षिण महाराष्ट्रातल्या जैन घरांत कर्मवीर भाऊराव पाटलांचा फोटो असतोच, ते कुंभोजचे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी साताऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. सगळ्या जातींची ती पोरं त्यांनी आपली मानली. १९३० साली त्या गेल्या, त्या वेळी संस्था लहानच होती. दर वर्षी शाळेत ही गोष्ट आम्ही ऐकायचो आणि टाळ्या वाजवायचो. आमच्या घरात मोडायला मंगळसूत्राखेरीज दोन बांगड्या होत्या, त्या तशाच राहिल्या, वहीत त्यांची नोंद नाही. मग त्या आठ माणसांचं भागलं कशावर?

मी गोरेगावच्या मावशीला फोन लावला. आईची पाठची बहीण, आता ऐंशीची. मुंबईत साठ वर्षं काढली तरी बोलणं सांगलीचंच. मी तिला तक्ता वाचून दाखवला. नऊ, अकरा, बारा, तेरा.

मावशी आधी चिडली. "आईच्या उपासाचा हिशेब करतीस व्हय गं? मेलेल्या बाईचा?"

मी गप्प राहिले. मग तीच बोलायला लागली. त्या उन्हाळ्यात ती माहेरपणाला सांगलीला आली होती. बहिणीला बघून घाबरली. दंडावरच्या बांगड्या मनगटावर येऊन पडत होत्या. विचारलं तर आई म्हणाली, "व्रत घेतलंय." कसलं व्रत, किती दिवसांचं, कुणाकडून घेतलं, काही सांगेना. दुसऱ्या रात्री अंगणात झोपल्यावर हळूच म्हणाली, "दोन पोरं वाढली. तांदूळ वाढवला नाही. अवमौदर्य म्हणून खपवतीय."

अवमौदर्य म्हणजे पोटात जागा ठेवून जेवणं. सहा बाह्य तपांतलं एक. शब्द तिला नीट माहीत होता.

मावशी तेव्हा गोरेगावात चाळीत राहायची. मृणाल गोरे तिथल्याच. पाणीवाली बाई म्हणून सगळी मुंबई त्यांना ओळखायची. मृणालताई, अहिल्याताई रांगणेकर आणि इतर बायकांनी मिळून महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती काढली होती, १९७२ साली. लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत मोर्चे निघायचे. तेल, साखर, रवा दुकानात मिळायला पाहिजे आणि रास्त भावात मिळायला पाहिजे, एवढंच मागणं. मावशी दोन मोर्चांना गेली होती. घरी सासूला सांगितलं होतं, "देवळात जाऊन येते." एका हातात थाळी, दुसऱ्या हातात पोळीचं लाटणं. पुढं त्या वर्षाअखेर अरब देशांनी तेल रोखलं, खनिज तेलाचा भाव काही महिन्यांत चौपट झाला, रॉकेलच्या रांगा लागल्या, आणि १९७४ मध्ये महागाई वीस टक्क्यांच्या वर गेली. तेव्हा तर रोजच कुठंतरी थाळ्या वाजत होत्या.

"मी इकडं थाळी बडवत होते आणि ती तिकडं थाळीवर पालथी वाटी ठेवून बसली होती," मावशी म्हणाली. "तिला मी पत्रात लिहिलं होतं, सांगलीत पण बायका गोळा कर. तिनं उत्तरात लोणच्याचं प्रमाण पाठवलं."

मग थोडा वेळ फोनवर दोघीही काही बोललो नाही. शेवटी मावशी म्हणाली, "मला तिचा लई राग आला होता. अजून बी हाय."

आई चूक होती का? मला ठरवता येत नाही. तिनं ते मनापासून व्रत मानलं असेल तर मी त्याला उपासमार म्हणणारी कोण? आणि उपासमार असेल तर तिला पुण्याचं नाव देऊन मोकळं होणारी तरी कोण? एवढं खरं की अण्णांच्या पानात कमी पडलं नाही, आज्जीच्या नाही, आमच्या नाही, त्या दोन मुलांच्याही नाही. आठ माणसांच्या जमाखर्चात जी तूट येत होती ती एकाच माणसाच्या अंगावर टाकली गेली आणि वही जुळली. १९७६ मध्ये धाकट्या भावाच्या वेळी डॉक्टरांनी तिचं रक्त तपासलं आणि अण्णांना बाहेर बोलावून विचारलं, "बाईंना घरी जेवायला मिळतं ना?" अण्णा त्या दिवशी घरी येऊन माजघरात बराच वेळ बसून होते. मी पंधराची होते, दाराआडून बघितलं. तेव्हा वाटलं आई आजारी आहे म्हणून बसलेत. आता वाटतं, त्या माणसाच्या दुकानाच्या वह्या कधी चुकल्या नाहीत, पण घरच्या वहीचा समास त्यांनी वाचलाच नव्हता.

आपल्याकडं एकासनाचं, उपवासाचं कौतुक होतं. पारणं होतं, वरघोडा निघतो, फोटो येतात. करणाऱ्या बायकाच जास्त. मीही करते. पण त्या सुनेसाठी जी यादी मी लिहून दिली, तिच्यात धान्य वाळवायचं आहे, स्टोची वात आहे (तिच्याकडं गॅस आहे, तरी), वाकळ आहे, आडव्या रेघा आहेत, डाळीचा डबासुद्धा आहे. समासातला 'ए' मी तिला सांगितला नाही. उलट विचारलं, "तुझं हिमोग्लोबिन किती?" ती बावचळली. साडेनऊ निघालं. तिला मी घरी बोलावून रोज नाचणीची अंबील आणि खजूर खायला लावते आहे आणि महिन्याचा हिशेब दोघींनी मिळून मांडतो. तिच्या नवऱ्यालाही एक तारखेला बसवलंय. तो कुरकुरतो, पण बसतो. त्यांच्या वीस तारखेचं कारण सापडलं म्हणायला हरकत नाही, दर रविवारी बाहेर खाणं आणि दोन मोबाइलचे हप्ते. ते निस्तरायला आईची गरज नव्हती.

१९७३ चा पाऊस चांगला झाला. वहीत त्याची नोंद आहे. जुलैच्या एका पानावर जमा-नावेच्या मधल्या जागेत, जिथं ती कधी काही लिहीत नसे, तिथं लिहिलंय, "रात्री मोठा पाऊस. जतलाही झाला म्हणतात." खाली त्या दिवसाचा खर्च. दूध, मीठ, गिरणी, आणि मग "गूळ अर्धा किलो जादा." त्या दिवसापासून समास कोरा आहे, थेट पुढच्या अष्टमीपर्यंत.